जमिनीच्या पोटात काय आहे, हे कोणी पाहायचे?

मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ रेल्वे मुख्यतः कापसासाठी टाकली गेली. त्या कापसाभोवती आमच्या भागात जिनिंग-प्रेसिंग, तेल गिरण्या, गोदामे उभी राहिली. असे कारखाने बंद पडले की पुढे त्या जागांवर प्लॉट पडतात. पोहरादेवीत राहून गेली काही वर्षे मी अशा जागांचे कागद जमवतो आहे. सातबारा, फेरफार, अकृषक आदेश यांतून जमीन कोणाची आणि किती, हे कळते. तिथे पूर्वी काय साठवले, काय सांडले, काय पुरले, याचा रकाना मात्र कुठेच नसतो. तो रकाना भरण्याचा खर्च कोणी करायचा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

एका डॉलरची जमीन

अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात ‘लव्ह कॅनॉल’ नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरे झाली. पुढे तळघरांत रसायने झिरपू लागली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. त्यातूनच १९८० मध्ये तिथे ‘सुपरफंड’ कायदा आला.

तपासणी म्हणजे काय?

पहिला टप्पा कागदांचा. जुने नकाशे, परवाने आणि जुन्या कामगारांच्या आठवणी तपासायच्या. संशय आला तर दुसरा टप्पा. ठिकठिकाणी बोअर घेऊन वेगवेगळ्या खोलीची माती आणि भूजल प्रयोगशाळेत पाठवायचे. शिसे, क्रोमियम, पारा, तेल, कीटकनाशके यांचे प्रमाण पाहायचे. त्यानंतर ठरते की जागा तशीच वापरता येईल, माती काढावी लागेल, की तिथे घरांऐवजी दुसरे काही करावे लागेल.

आपल्याकडे हे काम जास्त अवघड आहे. काळ्या मातीखाली बेसाल्ट खडक आहे आणि त्यातले पाणी भेगांतून वाहते. एक विहीर चांगली निघाली म्हणून शेजारची चांगली असेलच असे नाही. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार, पण आडात कुठल्या भेगेतून काय येते, हे खोदल्याशिवाय कळत नाही.

प्रत्येक जुनी जागा विषारी असते असे मुळीच नाही. साध्या जिनिंगच्या आवारात बहुधा फारसे काही निघणार नाही. कीटकनाशकांचे गोदाम, मुलाम्याचा कारखाना, जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढण्याची भट्टी यांची गोष्ट वेगळी. तपासणीने धोका कळतो, तशीच निर्धोक जमीन संशयातून मोकळीही होते.

पहिला पैसा सरकारचाच का?

‘ज्याने घाण केली त्याने पैसे भरावे’ हे तत्त्व योग्यच आहे. पण घाण आहे हेच सिद्ध झालेले नसताना बिल कोणाच्या नावे फाडणार? विकणारा तपासत नाही, कारण भाव पडेल. घेणाऱ्याला ठाऊक नसते. मूळ कंपनी अनेकदा बुडालेली असते. म्हणून अमेरिकेने २००२ च्या कायद्याने नगरपालिकांसारख्या संस्थांना तपासणीसाठीच अनुदान देण्याची व्यवस्था पक्की केली. खरेदीपूर्वी रीतसर चौकशी करणाऱ्याला जुन्या प्रदूषणाच्या दायित्वातून संरक्षणही दिले. त्यामुळे तपासून घेणे घेणाऱ्याच्या फायद्याचे झाले.

आपल्याकडे

मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींवर १९९१ चा विकास नियंत्रण नियम ५८, त्यातला २००१ चा बदल आणि २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, असा मोठा वाद झाला. तो मुख्यतः कोणाला किती जमीन, याचा होता. मातीत काय आहे, हा प्रश्न मागेच राहिला. भोपाळला युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा हलवायला २०२५ साल उजाडले.

त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा, राज्याच्या यंत्रणेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, नंतर सविस्तर पाहणी करायची. दोषी सापडला तर खर्च त्याचा; तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांची. तेव्हा देशात १०३ प्रदूषित जागांची नोंद होती आणि त्यांपैकी जेमतेम ७ ठिकाणी सफाई सुरू झाली होती. प्रत्यक्ष सफाई कधीपर्यंत पुरी करायची, याची मुदत या नियमांनी घातलेली नाही.

तरी सहामाही अहवालाची ती तरतूद आपल्या हाती आलेली आहे. वाशीमसारख्या जिल्ह्यात कोणती गोदामे कुठे होती, हे जाणणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदांनी त्यांना विचारून गावातल्या जुन्या कारखान्यांची यादी करावी आणि ती जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. यादी करायला प्रयोगशाळा लागत नाही. बोअर आणि प्रयोगशाळा यांचा खर्च मात्र सरकारी अंदाजपत्रकात आधीच धरलेला हवा, आणि तोही त्या जागेवर पहिला प्लॉट विकला जाण्यापूर्वी.