जांभळाच्या बीला धीर नसतो

जांभळाची एक बी ओल्या मातीत दाबून पाहा. तिच्यातून कधी दोन, कधी तीन कोंब वर येतात. बी मात्र एकच! त्यातला एखादा परागीभवनातून आलेला असू शकतो, बाकीचे थेट आईच्या पेशींपासून घडलेले, म्हणजे हुबेहूब तिच्यासारखे. आणि ही बी डब्यात साठवता येत नाही. वाळली की मेली. फळ पिकतं मृगाच्या तोंडावर, बी पडते ती भिजलेल्या जमिनीत.

नाल्याकाठची झाडं पेरणीचं काम अशी पाण्यावर सोपवतात. करंजाच्या शेंगा तरंगत जातात. अर्जुनाच्या फळाला पाच पंख असतात, वारा आणि पूर दोघांनाही ते सोयीचे. मग यवतमाळ जिल्ह्यात माणसांनी श्रमदान करून नाल्याकाठी झाडं का लावायची? कारण अडाण, अरुणावती, बेंबळा, पूस या नद्यांना मिळणाऱ्या कित्येक नाल्यांवर आईझाडंच उरली नाहीत. वखर थेट काठापर्यंत जातो. मोकळ्या जागी बेशरम ही वनस्पती माजते, जी मूळची अमेरिकेतली. जुलै 2023 मध्ये महागाव तालुक्यात पूर आला, तेव्हा लोकांना वाचवायला हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. तेवढा पूर झाडं अडवणार नाहीत, पण मुळांनी विणलेला काठ पावसागणिक ढासळत नाही, हे नक्की.

वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या वर्षांत या जिल्ह्यातल्या गावांनी माथ्यावर समतल चर खोदले. माझ्या मते आता तेवढाच जीव काठावर लावायला हवा.

खरी परीक्षा काळ्या मातीची. बेसाल्ट झिजून झालेली ही चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिलमध्ये हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्या रोपाची कोवळी मुळं ताणून तोडतात. पावसाळ्यात जोमात वाढलेलं रोप मे महिन्यात जातं, त्यामागे तहानेबरोबर हे तुटणंही असतं. म्हणून बुंध्याभोवती तुरीचं कुटार किंवा पऱ्हाटीचा चुरा जाड पसरायचा. ओल टिकते, भेग उशिरा पडते. पऱ्हाट्या धुऱ्यावर जाळण्यापेक्षा इथे त्यांचं सोनं होतं.

जागाही बघून द्यावी. पाण्यालगत अर्जुन आणि निर्गुडी, पाय भिजले तरी ती कुरकुरत नाहीत. जरा वर जांभूळ, करंज. अगदी वरच्या कोरड्या काठावर पळस, हिवर.

आणि उंबर हवंच. त्याची फुलं फळाच्या आत कोंडलेली असतात. एक इवलीशी गांधीलमाशी टोकाच्या छिद्रातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात. परागकण देऊन, अंडी घालून ती तिथेच मरते. तिचे बिनपंखी मुलगे आत जन्मतात, बहिणींसाठी बाहेरची वाट कोरतात आणि बहुधा आतच संपतात. पंखवाल्या मुली नवं उंबर शोधत उडतात. ही माशी आपल्याला आणावी लागत नाही. लावलेलं रोप मोठं होऊन फळू लागलं, की त्याच्या गंधावर ती दुरून येते. मग आपला राज्यपक्षी हरियल ती फळं खायला उतरतो, वटवाघळं रात्री येतात, आणि बिया पुढच्या नाल्यावर पोचतात.