जेल मॅनिक्युअर करताय? आधी फायदे-तोटे जाणून घ्या

देवळाली कॅम्प : लग्नसराईत पार्लरमध्ये जेल मॅनिक्युअर करून घेताय? मग हे वाचाच.

फायदे : यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली जेल काही मिनिटांत कडक होते. चमक साधारण दोन आठवडे टिकते.

तोटे : जेल खरवडून काढल्यास नखाचा वरचा थर निघतो आणि नखे पातळ होतात. कच्चे जेल त्वचेला लागल्यास ॲक्रिलेटची ॲलर्जी होऊ शकते. ती कायमची राहू शकते आणि पुढे दातांच्या फिलिंगलाही अडचण ठरू शकते. जेलमधील टीपीओ या रसायनावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे.

काय कराल? : दिव्यातील यूव्हीए किरणांपासून बचावासाठी हातांना आधी सनस्क्रीन लावा. बाटलीवरील घटक वाचा. जेल ॲसिटोनने मऊ करूनच काढा. खाज किंवा पुरळ आल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.