पूर्णा–खंडवा लोहमार्ग : गाडी, पायवाट की जंगल?

वापरातून गेलेल्या लोहमार्गाचे पुढे काय करावे, या प्रश्नाचा विचार मराठवाड्यात करायचा तर तो परभणी जिल्ह्यातील पूर्णा जंक्शनपासून करावा लागतो. गोदावरी खोऱ्यातून मनमाडकडे जाणारा मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला निजामकालीन मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी वाहता झाला, 1912 मध्ये त्याला पूर्णेतून हिंगोलीचा फाटा फुटला, आणि हाच फाटा पुढे वाशीम, अकोला, अकोट असा खंडव्याला भिडल्यावर दक्षिणेतील आणि राजस्थानातील मीटरगेज मार्ग एकमेकांना जोडले गेले. हिंगोली जिल्हा 1999 मध्ये वेगळा होईपर्यंत या फाट्याचा आरंभीचा सारा टप्पा परभणी जिल्ह्यातच होता.

अमेरिकेत 1983 च्या कायदेदुरुस्तीने अशा मार्गांसाठी एक उपाय काढला: रूळ उचलले तरी पट्टा सलग राखायचा, त्यावर पायवाट वा सायकलवाट करायची आणि गरज पडल्यास तेथे पुन्हा गाडी आणायची. या उपायाचे मर्म पायवाटेत नसून पट्ट्याच्या सलगतेत आहे. कारण मंद चढाचा, पूल-भरावांनी सांधलेला पट्टा एकदा तुकड्यांत विकला गेला की तो पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य होते.

हा निकष लावला असता पूर्णा–अकोला टप्प्याचा निर्णय सोपा ठरतो. तेथे 2008 मध्ये ब्रॉडगेज, म्हणजे 1,676 मिलिमीटर अंतराचे रूळ आले आणि पट्टा गाडीसाठीच राहिला. अकोला–अकोट टप्प्यावरही 2022 मध्ये ब्रॉडगेज गाडी धावू लागली. खरा पेच अकोटच्या उत्तरेला आहे. जुना मार्ग तेथे सुमारे 39 किलोमीटर मेळघाट व्याघ्रप्रकल्पातून जात होता आणि धूळघाटाजवळ चढ सौम्य करण्यासाठी स्वतःलाच ओलांडून वर चढत होता. रेल्वे अभियांत्रिकीचा हा दुर्मीळ नमुना मोजणी-आराखड्यांसह जतन झालाच पाहिजे. परंतु 2017 पासून गाडीविना असलेल्या त्या पट्ट्यावर रुंद रूळ टाकणे जसे अनुचित, तसेच पर्यटकांची वर्दळ आणणारी पायवाट करणेही अनुचित होय, कारण वन्यजीवांना रुळांइतकाच माणसांचा सततचा वावर जाचतो. राज्य शासनाने 2021 मध्ये व्याघ्रप्रकल्पाबाहेरून मार्ग नेण्याचा आग्रह धरला, तो योग्यच होता.

परभणीची निकड मात्र निराळी आहे. परभणी–मुदखेड दुहेरीकरण पूर्ण झाले असून छत्रपती संभाजीनगर–परभणी या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2025 मध्ये मंजुरी दिली आहे. दुसरा रूळ आल्याने समोरून येणाऱ्या गाडीसाठी खोळंबणे टळते आणि जवळच्या पल्ल्याच्या गाड्यांना जागा मिळते. ती जागा केवळ लांब पल्ल्याच्या गाड्यांनी व्यापू नये. परभणी–पूर्णा–वसमत–हिंगोली अशी, प्रत्येक स्थानकावर थांबणारी सकाळ-संध्याकाळची गाडी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी आणि प्रवासी संघटनांनी आताच, वेळापत्रके ठरण्यापूर्वी, मागावी.