एकवीस ऑक्टोबरची यादी

दरवर्षी 21 ऑक्टोबरला सकाळी चंद्रपूरच्या पोलीस मुख्यालयात वर्षभरात कर्तव्यावर प्राण गमावलेल्या पोलिसांना मानवंदना दिली जाते. घुग्घुसहून चंद्रपूर तासाभराच्या आत येतं, तरी हे सगळं कसं चालतं ते आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतं.

तारीख लडाखची आहे. 1959 साली याच दिवशी हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 10 जवान धारातीर्थी पडले. पुढच्या जानेवारीत पोलीस प्रमुखांच्या परिषदेत हा स्मृतिदिन ठरला.

मानवंदना ज्यांना दिली जाते त्यांच्या नावांची यादी असते. या यादीचं वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं आणि 31 ऑगस्टला संपतं. देशभरातली नावं एकत्र होतात. वर्ष असं मोजलं जातं म्हणूनच नागभीडचे उपनिरीक्षक छत्रपती चिडे 2019 च्या यादीत येतात. तेव्हा जिल्ह्यात दारूबंदी होती. 6 नोव्हेंबर 2018 ला मौशीजवळ दारूची गाडी अडवायला गेले, तर ती त्यांच्याच अंगावर घातली गेली. पुलवामाच्या हल्ल्यात गेलेले 40 जवान त्याच वर्षातले. 1 मे 2019 ला गडचिरोलीतल्या जांभुळखेड्याच्या भूसुरुंगात गेलेले 15 पोलीसही त्याच वर्षातले. सुरुंगाने गेला की गाडीखाली, हा भेद या दिवशी होत नाही, आणि मला तेच मोलाचं वाटतं. नक्षलवाद्यांच्या हल्ल्यातलं मरण गाजतं. दारूवाल्याच्या गाडीखालचं आपण फार लवकर विसरतो. जांभुळखेड्यात खासगी गाडीचा चालकही गेला. तो पोलीस नव्हता, पण त्या 15 जणांची आठवण काढताना त्याचीही काढायला हवी.

आता मैदानावरचं. ‘शोक शस्त्र’ असा हुकूम सुटला की बंदुका उलट्या होतात. नळीचं तोंड बुटाच्या टोकावर टेकतं, दोन्ही हात दस्त्यावर येतात, माना खाली जातात. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजतं, मग दोन मिनिटं स्तब्धता, पुन्हा बिगूल. हवेत फैरी झडतात. अधिकारी आणि शहिदांचे कुटुंबीय स्मारकाला पुष्पचक्र वाहतात.

दिल्लीत चाणक्यपुरीला 2018 पासून राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतरची 34 हजारांहून अधिक नावं कोरली आहेत. तिथे जाणं सगळ्यांना जमणार नाही, चंद्रपूरला जमेल. वेळ काय आणि आत येता येईल का, हे आधी घुग्घुस ठाण्यात विचारून घ्यावं. जाताना शाळकरी पोरांना सोबत न्यावं, आणि चिडे कोण होते ते वाटेतच सांगून ठेवावं.