विद्यापीठाचे खाते बंद होत नाही

व्यापारी घरात दिवाळीला नवी वही येते, तेव्हा जुन्या वहीतील बाकी पुढे ओढली जाते. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा येथील पेढ्यांवर बसणाऱ्या अनेक पदवीधरांनी मात्र एक खाते पदवी हाती पडली त्याच दिवशी मिटवून टाकलेले असते. ते खाते विद्यापीठाचे. पदवीचा कागद चौकटीत बसवून भिंतीवर लागतो, विवाहाच्या परिचयपत्रात शिक्षणाच्या रकान्यात त्याचा उल्लेख होतो आणि संबंध तेथेच थांबतो.

हा कागद या जिल्ह्याला सहजासहजी मिळालेला नाही. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील विद्यार्थ्याला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. त्याचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९३८ साली वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली, तेव्हा औरंगाबादपासून हैदराबादपर्यंतच्या विद्यार्थ्यांनी ती मोडली आणि शिक्षणावर पाणी सोडले. काढून टाकलेल्या या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे सामावून घेतले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. २००४ साली त्याचे उपकेंद्र धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, आले. ज्या शिक्षणासाठी आजोबांच्या पिढीला मुलूख सोडावा लागला, ते आज नातीच्या दाराशी आहे.

इतक्या कष्टाने आलेल्या या संस्थेशी पदवीधराचे नाते कायद्यानेही मान्य केले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा प्रतिनिधी निवडले जातात. विद्यापीठाचे वार्षिक अंदाजपत्रक आणि कारभाराचा अहवाल या सभेपुढे येतो. ताळेबंद वाचण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी या सभेपासून दूर राहावे, हे खचितच शोभत नाही. परंतु पदवी मिळाली म्हणजे नाव आपोआप नोंदले जात नाही. त्यासाठी विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो.

दुसरा हक्क विधान परिषदेचा. परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आहेत आणि मराठवाड्याचे आठही जिल्हे मिळून त्यांतील एक मतदारसंघ होतो. येथे पदवी भारतातील कोणत्याही विद्यापीठाची चालते. मात्र ती मिळून किमान तीन वर्षे झालेली असावीत आणि वास्तव्य मतदारसंघात असावे. म्हणून सोलापूर किंवा पुण्याची पदवी घेऊन सासरी आलेली सूनही धाराशिवची पदवीधर मतदार होऊ शकते. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून स्वस्थ बसलेल्याचे नाव या वेळी नसते. नमुना १८ चा अर्ज पदवीच्या पुराव्यासह पुन्हा भरावा लागतो. सामान्य मतदारयादीतील नाव येथे उपयोगी पडत नाही.

हक्काबरोबर कर्तव्यही येते. त्याच अधिनियमानुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्यावरील चार स्थानिक सदस्यांत किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मुळे पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक मिळू लागले आहेत. असा अनुभव द्यायचा कोणी? वाणिज्य शाखेतील कित्येक विद्यार्थी जमाखर्चाच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवतात. परंतु खऱ्या दुकानाची खतावणी, मालाची आवक, उधारीची वसुली, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र त्यांनी कधी पाहिलेले नसते. मोंढ्यातील एखाद्या पदवीधर आडत्याने दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना महिनाभर आपल्या पेढीवर बसू दिले, तर भूम-परंड्याच्या शेतकऱ्याच्या मुलीला तो अनुभव पुण्याला न जाता मिळेल.

आपल्या समाजाने पाठशाळा आणि वसतिगृहे उभारून विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या सांभाळल्या. ज्ञानदानाचे मोल त्याला वेगळे सांगावे लागत नाही. देणगीच्या पावतीइतकेच मोल वेळेच्या दानालाही आहे आणि ते देण्यासाठी मोठी पेढी असावी लागत नाही.

यंदा वहीपूजन झाले की घरातील प्रत्येक पदवीधराने भिंतीवरची ती चौकट एकदा खाली काढावी. पदवीची छायांकित प्रत करून घ्यावी, दोन्ही नोंदणी अर्जांची चौकशी करावी आणि आपल्या जुन्या महाविद्यालयाची पायरी एकदा चढून यावे. येणे बाकी कोणाकडे किती, हे व्यापाऱ्याला नेहमीच ठाऊक असते. देणे बाकी लक्षात ठेवणारा व्यापारीच बाजारात पत मिळवतो.