अखंड कामाचे शिक्षण: वर्धा आणि फुल-स्टॅक प्रोग्रामिंग

वेबसाइटचा पडद्यावर दिसणारा भाग, त्यामागे चालणारे नियम आणि माहितीचा साठा हे तिन्ही स्तर एकाच व्यक्तीला उभारता येणे, यास संगणकक्षेत्रात फुल-स्टॅक प्रोग्रामिंग म्हणतात. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून कार्यरत आहे आणि जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या शिक्षा मंडळाने २०१७ मध्ये वर्ध्यात बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू केली. दोन्ही ठिकाणी संगणक अभियांत्रिकी शिकवली जाते. खासगी वर्ग हेच कौशल्य काही महिन्यांत शिकवण्याची हमी देत असताना चार वर्षांच्या पदवीने वेगळे काय द्यावे, हा प्रश्न म्हणूनच येथील विद्यार्थी-पालकांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

समजा, हिंगणघाटच्या बाजारात कापूस आणण्यासाठी समुद्रपूर तालुक्यातील शेतकऱ्याला मोबाइलवरून टोकन घेता यावे अशी वेबसाइट तयार करायची आहे. तिचा अर्ज ब्राउझरमध्ये दिसतो. त्याचा सांगाडा एचटीएमएल, मांडणी सीएसएस आणि हालचाल जावास्क्रिप्ट ठरवते, व या दर्शनी भागाला फ्रंटएंड म्हणतात. शेतकऱ्याने बटण दाबताच त्याची विनंती इंटरनेटवरून सर्व्हर या दूरच्या संगणकाकडे जाते, तेथील प्रोग्राम म्हणजे बॅकएंड ती तपासतो आणि नोंद डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या शिस्तबद्ध साठ्यात, ठेवतो.

हे तिन्ही भाग सुटे सुटे शिकणे फारसे अवघड नसते. खरा कस लागतो तो त्यांच्या सांध्यांवर. दिवसाचे एकच टोकन उरले असताना दोन शेतकऱ्यांनी एकाच क्षणी बटण दाबले, तर दोघांच्याही पडद्यावर जागा शिल्लक दिसते आणि नियम काटेकोर नसल्यास दोघांनाही टोकन मिळते. हे टाळण्यासाठी डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन वापरतात; त्यात शिल्लक पाहणे, ती कमी करणे आणि नाव नोंदवणे या क्रिया एकतर सगळ्या पूर्ण होतात किंवा एकही होत नाही, आणि योग्य कुलूपबंदी असल्यास त्या चालू असताना दुसऱ्या विनंतीला थांबावे लागते. त्याचप्रमाणे अर्जातील तपासणी केवळ ब्राउझरमध्ये ठेवली, तर जाणकार व्यक्ती ती सहज ओलांडू शकते, म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी लागते.

मराठी मजकुराने या कामात आणखी एक पदर वाढतो. ‘वर्धा’ हा शब्द वाचकाला दोन अक्षरांचा वाटतो, परंतु जगभरच्या लिप्यांसाठी ठरलेल्या युनिकोडमध्ये व, र, हलन्त, ध आणि काना अशी त्याची पाच चिन्हे होतात, व यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने तो पंधरा बाइट व्यापतो. नावाच्या रकान्याची मर्यादा इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने बाइटमध्ये ठरवलेली असेल, तर शेतकऱ्याचे नाव मध्येच तुटते; आणि हा दोष कोणत्या स्तरावर शिरला हे शोधायला तिन्ही स्तर ठाऊक असावे लागतात.

साधने मात्र झपाट्याने बदलतात. एडगर कॉड यांनी तक्त्यांवर आधारलेल्या डेटाबेसची मांडणी १९७० मध्ये केली आणि ती आजही टिकून आहे. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये, ती सर्व्हरवर चालवणारी नोड ही प्रणाली २००९ मध्ये, तर पडदे रचण्यासाठीचे रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये आले. अल्पमुदतीचा वर्ग यातील ताजे साधन हाती देतो व नोकरीच्या पहिल्या पायरीवर त्याचा उपयोगही होतो. परंतु साधन बदलल्यावर नवे स्वतःहून शिकण्याची ताकद डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम आणि सुरक्षितता या विषयांतून येते, आणि त्यांना पुरेसा वेळ देणे पदवी अभ्यासक्रमाला शक्य असते. अडचण इतकीच, की हे विषय निरनिराळ्या सत्रांत, निरनिराळ्या परीक्षांसाठी शिकले जातात आणि त्यांची परस्परांशी गाठ विद्यार्थ्याच्या मनात पडतेच असे नाही.

या अडचणीचा विचार करताना वर्ध्याला दूर पाहण्याची गरज नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली सात वर्षांच्या मोफत व सक्तीच्या, मातृभाषेतील आणि उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाचा पुरस्कार केला, व झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. नई तालीम म्हणून ओळखल्या गेलेल्या या पद्धतीत सूतकताई हा गणित, विज्ञान व समाजाचे ज्ञान जोडणारा धागा होता. ती शालेय शिक्षणासाठी होती आणि तिचे आर्थिक संदर्भ आजचे नव्हेत. तरी एका अखंड कामाभोवती विषय गुंफण्याचे तिचे तत्त्व येथे लागू पडते. पहिल्या वर्षी टोकनच्या वेबसाइटचा अर्ज, दुसऱ्या वर्षी तिचा डेटाबेस, तिसऱ्या वर्षी सुरक्षितता आणि चौथ्या वर्षी प्रत्यक्ष वापरकर्त्यांसमोर चाचणी, असे एकच काम पदवीभर वाढत गेले, तर प्रत्येक विषयाला स्वतःचे प्रयोजन सापडेल, आणि विद्यार्थ्याची परीक्षा उत्तरपत्रिकेइतकीच शेतकऱ्याला मिळालेल्या बिनचूक टोकनावरही होईल.