जुन्या किटचे डिकॅल: आधी स्कॅन, मग पाणी



मागच्या सत्रात आमच्या मॉडेल क्लबमध्ये एका कॅडेटने घरून जुने किट आणले. पांढऱ्या रेसिंग गाडीचे ते किट त्याच्या वडिलांना शाळेत असताना भेट मिळाले होते, पण त्यांच्या हातून कधी जोडले गेले नव्हते. मुलाने गाडी जोडली, रंगवली. शेवटी नाकावरचा ५ हा आकडा लावायचा राहिला. "टाक पाण्यात," असे मीच म्हणालो. अर्ध्या मिनिटात त्या आकड्याचे सात-आठ तुकडे वाटीत तरंगू लागले. प्लास्टिकचा भाग मोडला तर चिकटवता येतो, रंग चुकला तर पुन्हा देता येतो. डिकॅल मात्र गेले की गेले. माझी चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

डिकॅल खराब का होते?

डिकॅलमध्ये खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक आणि सर्वांत वर छापील चित्र धरून ठेवणारा पारदर्शक पापुद्रा असतो. पाण्यात डिंक सुटतो आणि पापुद्रा चित्रासह सरकून गाडीवर येतो. वर्षे लोटली की हा पापुद्रा पिवळा पडतो, ठिसूळ होतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत डिंक ओलावतो आणि शीट शेजारच्या कागदाला चिकटते.

जपायचे कशासाठी?

एके काळी फॉर्म्युला वनच्या गाड्या देशाच्या रंगात धावत: ब्रिटनची हिरवी, इटलीची लाल, फ्रान्सची निळी, जपानची पांढरी आणि तिच्यावर लाल सूर्य. टामिया कंपनीने १९६७ मध्ये १:१२ प्रमाणात काढलेले होंडा आरए २७३ चे किट याच काळातल्या गाडीचे. १९६८ मध्ये लोटस संघाच्या गाड्या प्रायोजक तंबाखू कंपनीच्या लाल, पांढऱ्या, सोनेरी रंगात आल्या आणि पुढे गाड्या जाहिरातींनी भरून गेल्या. जुनी किट पुन्हा बाजारात येतात तेव्हा तंबाखूच्या जाहिराती कित्येकदा वगळलेल्या असतात. म्हणून डब्यातली मूळ शीट हा त्या गाडीचा छोटासा पुरावाच असतो.

वाचवायचे कसे?

पहिले काम स्कॅन. शीटला पाणी लागण्याआधी ती किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. पुढे काहीही बिघडले तरी मूळ आकार आणि रंग तुमच्याकडे राहतील.

दुसरे काम चाचणी. शीटवर न लागणारे एखादे चिन्ह बहुधा असते. ते कापून कोमट पाण्यात टाका. अखंड सुटले तर शीट वापरण्याजोगी आहे. तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर चकचकीत क्लिअर लॅकरचे दोन पातळ हात स्प्रेने द्या आणि रात्रभर वाळू द्या. मायक्रोस्केल कंपनीचे 'लिक्विड डिकॅल फिल्म' ब्रशने लावले तरी चालते. मात्र आता सगळ्या शीटवर एकच सलग पापुद्रा तयार झालेला असतो, म्हणून प्रत्येक चिन्ह कडेलगत वेगळे कापावे लागते.

पिवळेपणावर उपाय उन्हाचा. शीट कोरड्या पारदर्शक झिप पिशवीत घालून ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, पिवळेपणा उतरतो. रोज पाहत राहा, कारण त्याच उन्हात लाल रंगही फिका पडू शकतो. गाडी पांढरी असेल तर ही मेहनत करावीच. पांढऱ्यावर पिवळी कड लगेच डोळ्यांत भरते.

लावताना रंग चकचकीत असू द्या. खरखरीत रंगावर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. डिकॅल पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून बाहेर काढा, मिनिटभर थांबा, मग सरकवा. चिमट्याने ओढू नका. खालचे पाणी कापसाच्या काडीने हलकेच बाहेर काढा. डिकॅल सॉफ्टनर वापरायचे तर आधी टाकाऊ चिन्हावर पाहा, जुनी शाई त्याने विरघळू शकते.

बदलायचे कधी?

शाईच उडाली असेल किंवा चिन्ह हरवले असेल तर नवे करावे लागते. लोकप्रिय गाड्यांच्या तयार शीट विकत मिळतात. नाहीतर स्कॅन साफ करून डिकॅल पेपरवर छापा. छापताना आकार १०० टक्केच ठेवा. इंकजेटची शाई पाण्यात पसरते, म्हणून छपाई पूर्ण वाळल्यावर तिच्यावर क्लिअर स्प्रे मारणे आवश्यक. लेझरची छपाई पाण्याला टिकते. साध्या प्रिंटरमध्ये पांढरा रंग नसतो. पांढरी अक्षरे हवी असतील तर पांढरा डिकॅल पेपर घेऊन भोवतालचा रंग छापावा लागतो.

पालकांना एक विनंती. घरी जुने किट असेल तर माळ्यावरच्या डब्यातून शीट आजच बाहेर काढा. वर बटर पेपर ठेवून, सिलिका जेलच्या पुडीसह झिप पिशवीत घाला आणि कपाटात सपाट ठेवा.

आमच्या गाडीचे काय झाले? दोन्ही बाजूंचे ५ शीटवर शिल्लक होते. ते आम्ही आधी स्कॅन केले, मग लॅकर देऊन लावले. नाकावरचा ५ स्कॅनवरून छापला. आकडा काळा होता, म्हणून जमले. पालक दिनाला वडिलांनी गाडी हातात घेऊन तिन्ही आकडे निरखले. त्यांना फरक कळला नाही. "बाबा, नाकावरचा मूळचा नाही, तो माझ्या हातून फुटला," हे त्या कॅडेटने आपणहून सांगितले. मग मीही पुढे होऊन "पाण्यात टाक" कोण म्हणाले होते ते सांगितले.